शेवटच्या झाडापर्यंत पाणी: सॉफ्टवेअरमध्ये समीकरण सोडवताना

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या बागेसाठी ठिबकच्या मुख्य पाइपचा हिशेब मी लॅपटॉपवर केला होता. पाइप ६३ मिमीचा, आतला व्यास ५७ मिमी, लांबी ३०० मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर. सॉफ्टवेअरने क्षणात उत्तर दिलं. तांबडी ओळ नाही, इशारा नाही. दाबाची घट २.१ मीटर. पाइप टाकले, खड्डे बुजवले. पंधरा दिवसांनी फोन आला, "भाऊ, शेवटना झाडले पानी भेटत नई."

खरी घट साडेनऊ मीटर होती. एक किलो प्रेशर म्हणजे साधारण दहा मीटर. म्हणजे जवळपास अख्खा एक किलो दाब वाटेतच संपत होता आणि माझ्या लॅपटॉपला त्याचा पत्ता नव्हता. चूक एका शब्दाची होती, ती पुढे सांगतो. तेव्हापासून ठिबकचं, कॅनॉलचं, कर्जाचं कुठलंही समीकरण सोडवायला घेतलं की मी ठरावीक क्रमाने जातो. नव्याने शिकणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे देतोय. तुम्ही एक्सेल वापरा, नाहीतर प्रोग्राम लिहून गणित करायची ऑक्टेव्ह, मॅटलॅब, पायथन यांसारखी साधनं. अडचणी सगळीकडे त्याच असतात, फक्त संदेशाचे शब्द बदलतात.

पायरी १: कोणत्या यंत्राला काम सांगताय ते बघा

समीकरण सोडवणारी साधनं दोन जातीची. एक जात सूत्र शोधते, म्हणजे आपण वहीत करतो तशी अक्षरांची उलथापालथ करून नेमकं उत्तर देते. दुसरी जात आकडा शोधते: अंदाज घेते, चूक मोजते, अंदाज सुधारते, पुन्हा चूक मोजते. पाइपच्या घर्षणाचं समीकरण पहिल्या जातीकडे दिलंत तर ती कधी हात वर करते, कधी तासभर फिरत बसते. तो बिघाड नव्हे. साध्या बीजगणिताने सुटणारं ते समीकरणच नाही. सिम्पायमध्ये (पायथनची सूत्रं हाताळणारी जोडणी) नुसतं ‘सॉल्व्ह’ न वापरता ‘एनसॉल्व्ह’ वापरा, मॅटलॅबमध्ये ‘एफझिरो’ किंवा ‘एफसॉल्व्ह’, सायपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची जोडणी) ‘ब्रेंटक्यू’ किंवा ‘एफसॉल्व्ह’, एक्सेलमध्ये ‘गोल सीक’. यापुढचं सगळं या दुसऱ्या जातीबद्दल.

पायरी २: टाइप केलेलं समीकरण मोठ्याने वाचा

निम्म्याहून जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून इथे घाई करू नका.

माझी चूक आधी. पाइपचा घर्षणांक, म्हणजे पाणी पाइपाला किती घासतं ते सांगणारी संख्या, काढायला १९३९ सालचं कोलब्रुकचं समीकरण वापरतात. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत म्हणून खरखरीचा भाग सोडला, तर ते असं उरतं:

य = −२ × लॉग (२.५१ × य ÷ रेनॉल्ड्स अंक)

इथे य म्हणजे १ भागिले घर्षणांकाचं वर्गमूळ. रेनॉल्ड्स अंक म्हणजे पाण्याचा वेग, पाइपचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून निघणारी संख्या. माझ्या पाइपात तो जवळजवळ बरोबर एक लाख येत होता. यातला लॉग दहाच्या पायाचा आहे. पण पायथन, मॅटलॅब, ऑक्टेव्ह या सगळ्यांत नुसतं ‘लॉग’ लिहिलं की ते नैसर्गिक लॉग घेतात. दहाच्या पायासाठी ‘लॉग१०’ लिहावं लागतं. एक्सेल मात्र नुसत्या ‘लॉग’ला दहाचा पाया धरतो. मी एक्सेलच्या सवयीने पायथनमध्ये नुसतं ‘लॉग’ लिहिलं. घर्षणांक ०.०१८ यायला हवा होता, तो ०.००४१ आला. सव्वाचार पटीहून जास्त फरक. सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलं होतं, मी त्याला दिलेलं समीकरणच दुसरं होतं.

याच घरातल्या आणखी काही चुका, ज्या मी स्वतः केल्यात किंवा शिकणाऱ्यांच्या वहीत पाहिल्यात:

आपली लाखाची स्वल्पविरामं. कागदावर १,००,००० लिहायची सवय आपल्या बोटांत असते. पायथनमध्ये तसं लिहिलंत तर त्याला एक संख्या दिसत नाही, तीन संख्यांची यादी दिसते: एक, शून्य, शून्य. ऑक्टेव्हमध्ये तर आणखी धोका, कारण तिथे स्वल्पविराम म्हणजे एक आज्ञा संपली. तुमच्या एक लाखाचा गुपचूप १ होतो आणि हिशेब पुढे चालू राहतो. एक लाख सलग, स्वल्पविरामाशिवाय लिहा.

घाताचं चिन्ह. एक्सेलमध्ये टोपीचं चिन्ह (^) म्हणजे घात, पायथनमध्ये मात्र त्याच चिन्हाचा अर्थ वेगळा. पायथनमध्ये २ टोपी ३ लिहिलंत तर उत्तर ८ येत नाही, १ येतं. तिथे दोन फुल्या (**) मारायच्या. आणि उणे २ चा वर्ग कंसाशिवाय लिहिलात तर एक्सेल ४ म्हणतो, पायथन उणे ४ म्हणतो. कंस टाकायला पैसे पडत नाहीत, भरपूर टाका.

अंश आणि रेडियन. शाळेच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० म्हणजे ०.५. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक ठिकाणी तेच −०.९८८ येतं, कारण ते ३० ला रेडियन समजतं. सोलर पंपाच्या पॅनेलचा कल काढणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

एकक. मिमी आणि मीटर, लिटर आणि घनमीटर, महिन्याचा दर आणि वर्षाचा दर. प्रत्येक संख्येपुढे तिचं एकक टिपणीत लिहा. आळस होतो, पण महिन्याभराने फाइल उघडाल तेव्हा उपयोग होतो.

पायरी ३: आलेख काढा, मगच सोडवा

समीकरणातलं सगळं एका बाजूला आणा, म्हणजे दुसऱ्या बाजूला शून्य राहील. त्या पदावलीचा आलेख जिओजेब्रा या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कुठेही काढा. रेघ आडव्या अक्षाला कुठे छेदते, किती वेळा छेदते, छेदते तरी का, हे डोळ्यांनी बघा. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचा तास वाचतो.

दोन टोकं देऊन त्यांच्या मधलं उत्तर शोधणाऱ्या पद्धतींना, म्हणजे दुभाजन किंवा ब्रेंट यांना, एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण किंमत लागते. ‘दोन्ही टोकांची चिन्हं वेगळी हवीत’ अशा अर्थाचा संदेश आला तर कारण तीनपैकी एक. उत्तर त्या टोकांमध्ये नाहीच. किंवा दोन उत्तरं आहेत, म्हणून रेघ खाली जाऊन परत वर आली आणि दोन्ही टोकांना चिन्ह सारखंच राहिलं. किंवा रेघ अक्षाला नुसती टेकून परतते, (क्ष − २)² सारखी. पहिल्या दोन गोष्टींत टोकं बदलून भागतं. तिसरीत ही पद्धत चालायचीच नाही. शिवाय टेकणाऱ्या उत्तरात अचूकताही निम्मी होते: साधारण सोळा अंकांपर्यंत नेमकी असणारी गणना तिथे आठ अंकांवर थांबते, आणि तुम्ही टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायच्या चुकीची मर्यादा, कितीही बारीक केलात तरी फरक पडत नाही.

उलटा धोकाही आहे. टॅन क्ष ला १ आणि २ ही टोकं द्या. चिन्हं वेगळी आहेत, दुभाजन आनंदाने १.५७०८ वर जाऊन उभं राहतं. तिथे उत्तर नाही, तिथे रेघ वर आभाळात जाते आणि खालून पाताळातून येते. आलेख पाहिलेला माणूस हे उत्तर घेऊन घरी जात नाही.

पायरी ४: अंदाज कुठून घ्यायचा

चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल तर तिथला शिलालेख आठवत असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद त्यात आहे. शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० च्या लीलावतीत ‘इष्टकर्म’ नावाची रीत आहे. उत्तर माहीत नाही ना? मग मनाला येईल ती संख्या ‘इष्ट’ धरा, गणितात घालून बघा, काय येतं त्यावरून सुधारा. त्यातलंच एक उदाहरण: एका संख्येला पाचाने गुणलं, त्यातून त्याचाच तिसरा भाग वजा केला, दहाने भागलं, मग मूळ संख्येचा तिसरा, दुसरा आणि चौथा भाग मिळवला, तर ६८ झाले. इष्ट ३ धरा. पाच त्रिक १५, तिसरा भाग वजा जाता १०, दहाने भागून १. त्यात १, दीड आणि पाऊण मिळवले, सव्वाचार झाले. हवेत ६८. सव्वाचाराला ३, तर ६८ ला किती? ४८.

तिथे एका इष्टात काम झालं, कारण संबंध सरळ प्रमाणाचा होता. आपली समीकरणं वाकडी असतात, म्हणून तेच पुन्हा पुन्हा करावं लागतं. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत अशा वारंवार करायच्या कृतीला ‘असकृत्’ म्हणत. लॅपटॉपमधला सॉल्व्हर दुसरं काही करत नाही. फरक इतकाच की सरळ प्रमाणात इष्ट कुठलाही चालतो, इथे नाही.

न्यूटनची पद्धत घ्या, म्हणजे अंदाजाच्या जागी आलेखाचा जो उतार असेल त्यावरून पुढचा अंदाज काढायची रीत. क्ष³ − २क्ष + २ = ० याला अंदाज ० द्या. पहिल्या फेरीत ती १ वर जाते, दुसऱ्या फेरीत परत ० वर, मग १, मग ०. दिवसभर चालू ठेवलंत तरी घाण्याच्या बैलासारखी तिथेच फिरेल. खरं उत्तर −१.७६९ आहे. अंदाज −२ दिलात तर ती चार-पाच फेऱ्यांत तिथे पोचते. ‘फेऱ्या संपल्या, उत्तर मिळालं नाही’ असा संदेश आला की लोक फेऱ्यांची मर्यादा शंभरवरून हजार करतात. आधी अंदाज बदला, आलेखात दिसलेल्या छेदाजवळचा घ्या.

शून्य हा अंदाज सगळ्यांच्या बोटावर पहिला येतो आणि बऱ्याचदा तोच नडतो. साक्रीकडे पांझरा नदीवर फड पद्धतीचे, म्हणजे पाटाने सामायिक पाणी देणारे, जुने बंधारे आहेत. तसल्या पाटात पाण्याची खोली किती राहील हे मॅनिंगच्या सूत्राने काढतात. एक मीटर रुंद मातीचा पाट, सेकंदाला ५०० लिटर पाणी, उतार हजारात एक, खरखर ०.०२५, तर खोली सुमारे ०.८५ मीटर येते. पण खोलीचा अंदाज ० दिलात तर तिथे आलेखाचा उतारच शून्य असतो, आणि न्यूटनच्या पद्धतीत त्या उताराने भागायचं असतं. सॉल्व्हरने शून्याच्या जरा डावीकडे डोकावून पाहिलं तर खोली ऋण होते आणि ऋण संख्येचा अपूर्णांक घात काढावा लागतो. मग एक्सेल संख्येची चूक दाखवतो, पायथनची नमपाय जोडणी ‘संख्या नाही’ म्हणते, मॅटलॅब संमिश्र (काल्पनिक भाग असलेली) संख्या हातात देतो. अर्धा मीटर, एक मीटर असा जमिनीवरचा अंदाज द्या. पाट डोळ्यांसमोर आणलात तर तो सुचतोच.

पायरी ५: समीकरणाचं रूप बदला

ही पायरी नवशिक्यांना कुणी फारशी सांगत नाही आणि मला तीच सर्वांत उपयोगी वाटते.

पाइपचंच समीकरण, पण या वेळी अज्ञात संख्या थेट घर्षणांक धरून न्यूटनला द्या आणि अंदाज ०.१ घ्या. पहिल्याच फेरीत उत्तर येतं उणे ०.१५. ऋण घर्षणांकाचं वर्गमूळ निघत नाही, लॉग निघत नाही, सॉल्व्हर आडवा. आता अज्ञात संख्या ‘य’ धरा आणि न्यूटनसुद्धा नको, नुसतं उजव्या बाजूला य घाला, जे येईल ते परत घाला. ५ ने सुरुवात करा: ७.८०, ७.४२, ७.४६०, ७.४५५, ७.४५६. थांबलं. ७.४५६ चा वर्ग करून त्याने १ ला भागा, ०.०१८० मिळतं. हे साध्या कॅल्क्युलेटरवरही होतं. समीकरण तेच, फक्त बसायची बाजू बदलली.

असंच इतरत्र करता येतं. संख्या धनच असायला हवी असेल तर तिच्याऐवजी तिचा लॉग अज्ञात धरा, मग ती ऋण होऊच शकत नाही. छेदात शून्य येत असेल तर छेदाने दोन्ही बाजू गुणा. पण गुणताना नवं खोटं उत्तर घरात येतंय का ते बघा, त्याचं उदाहरण पुढच्याच पायरीत आहे. आणि एकाच वेळी अनेक समीकरणं सोडवत असाल तर सगळ्या अज्ञात संख्या साधारण एकाच मापाच्या ठेवा. एकीकडे ०.००३६ घनमीटर आणि दुसरीकडे १,००,००० पास्कल असं नको, ३.६ लिटर आणि १० मीटर असं मांडा. सॉल्व्हर सगळ्या चुका एकाच तराजूत तोलतो, त्यात लहान मापाची चूक दिसेनाशी होते.

पायरी ६: ‘सुटलं’ म्हणजे किती जवळ?

केळीच्या वाहतुकीसाठी कुणी जुनी पिकअप घेतली. पाच लाखांचं कर्ज, दरमहा ११,५०० चे ६० हप्ते. विक्रेता म्हणतो व्याज ७.६ टक्के फ्लॅट, म्हणजे दरवर्षी पूर्ण मूळ रकमेवर. हिशेब त्याच्या परीने बरोबर आहे: एकूण ६,९०,००० भरायचे, व्याज १,९०,०००, पाच वर्षांत दरवर्षी ३८,०००. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, म्हणून खरा दर वेगळा. तो काढायला समीकरण सोडवावं लागतं.

महिन्याचा दर द मानून एकाने एक्सेलमध्ये असं मांडलं: द वजा ०.०२३ × (१ − (१+द)^−६०), यात ०.०२३ म्हणजे ११,५०० भागिले ५,००,०००, आणि गोल सीकला सांगितलं हे शून्य कर. द च्या खान्यात आधी ०.००५ होतं. गोल सीक म्हणाला उत्तर सापडलं, आणि खाना ०.००५ च्या आसपासच राहिला. म्हणजे वर्षाला ६ टक्के. चांगली बातमी वाटली.

झालं काय? गोल सीक लक्ष्याच्या ०.००१ इतकं जवळ पोचलं की थांबतो; ही मर्यादा एक्सेलच्या पर्यायांत, फॉर्म्युलांच्या पानावर ‘कमाल बदल’ म्हणून असते. आणि वरच्या पदावलीची किंमत दर शून्यापासून महिना सव्वा टक्क्यापर्यंत काहीही असला तरी ०.००१ च्या आतच राहते. म्हणजे त्या पट्ट्यातला कुठलाही दर त्याला ‘उत्तर’च वाटतो. इलाज दोन. ती मर्यादा ०.०००००००००१ करा, किंवा पदावलीला १० लाखांनी गुणा. त्याहून बरं म्हणजे समीकरण रुपयांत मांडा: ६० हप्त्यांची आजची किंमत वजा ५,००,०००. तिथे ०.००१ म्हणजे पैशाचाही दहावा भाग. खरा दर महिन्याला सुमारे १.१२ टक्के, वर्षाला साडेतेरा.

याच मांडणीत दुसरा सापळाही आहे. दोन्ही बाजू द ने गुणल्यामुळे द = ० हे उत्तर आपोआप आत आलं. शून्य टक्के व्याज! मर्यादा बारीक करूनही न्यूटनला ०.००५ अंदाज दिलात तर तो शून्यावरच जातो. ०.०१ दिलात तर ०.०११२ वर जातो. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर ‘सुटलं’ म्हणतं, आणि दोन्ही वेळा ते खरं बोलतं. कर्ज फुकट नाही हे त्याला कुठून माहीत?

पायरी ७: ताळा, आणि मग दुसरा ताळा

शाळेत भागाकाराचा ताळा करायचो, तसाच इथे. आलेलं उत्तर परत मूळ समीकरणात घाला, रूप बदललेल्या नव्हे, मूळ. उरलेली चूक मोजा आणि समीकरणातल्या इतर संख्यांशी ताडून बघा. पाच लाखांच्या हिशेबात एक पैसा उरला तर ठीक, ०.००५ च्या हिशेबात ०.००१ उरलं तर नाही.

सॉल्व्हरचा संकेतांकही, म्हणजे काम कसं संपलं ते सांगणारा आकडा, वाचा. सायपायचा एफसॉल्व्ह अडला तरी एक आकडा देतोच, सोबत फक्त इशारा छापतो, आणि लांब प्रोग्राममध्ये तो इशारा वर सरकून जातो. त्याच्याकडून पूर्ण माहिती मागून घ्या. संकेत १ असेल तरच पुढे जा. मॅटलॅबमध्ये धन संकेत असेल तर बरं, शून्य म्हणजे फेऱ्या संपल्या, ऋण म्हणजे उत्तर नाही.

पण माझ्या बागेच्या हिशेबात हा ताळा पास झाला असता. चुकीच्या लॉगने काढलेलं उत्तर त्याच चुकीच्या लॉगमध्ये घातलं की चूक शून्यच येणार. म्हणून दुसरा ताळा हवा, वेगळ्या वाटेने येणारा. गुळगुळीत पाइपासाठी ब्लासियसचं १९१३ सालचं साधं सूत्र आहे: ०.३१६ भागिले रेनॉल्ड्स अंकाचं चौथं मूळ. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर घ्या, एक लाख टाका, वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. १७.७८ येतं. ०.३१६ ला त्याने भागा: ०.०१७८. माझा ०.००४१ तिथल्या तिथे पकडला गेला असता, बांधावर बसून, लॅपटॉपशिवाय.

त्या बागेत नंतर ७५ मिमीचा पाइप टाकला. तेवढ्याच पाण्याला तीनशे मीटरमध्ये घट साडेनऊवरून चार मीटरच्या आसपास आली. त्या हिशेबाच्या कागदावर मी दोन रकाने केले होते, एकात सॉफ्टवेअरचं उत्तर, दुसऱ्यात बटण दोनदा दाबून आलेलं. पाइपचा ऑर्डर दोन्ही जुळल्यावर दिला.